टीकोझी: किटलीच्या मापापासून संक्रांतीच्या वाणापर्यंत

माझ्या पहिल्या टीकोझीवर, म्हणजे चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायच्या आवरणावर, मी सव्वा महिना भरतकाम करत होते. बाटलीहिरव्या केसमेंट कापडावर पांढरी जाईची वेल, मधे मधे गाठीचे टाके, आतून पिवळं अस्तर. ती घेऊन नागपूरच्या महाल भागात मावशीकडे गेले. मावशीनं कौतुकानं किटली काढली. स्टीलची, वरून दांडा असलेली, आठ-दहा कपांची. कोझी दांड्यावर टेकली आणि तिथंच अडली. खाली निम्मी किटली उघडी. "असू दे गं, मी मिक्सरवर घालते," असं मावशी मायेनं म्हणाली आणि खरंच घातली. पण चहासाठी केलेली वस्तू चहाच्या कामी आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून चाळीसेक टीकोझी माझ्या हातून झाल्या. प्रतापनगरात आमचा आठ जणांचा गट आहे, दर हिवाळ्यात आम्ही एकमेकांसाठी टीकोझी करतो. गटात नवीन कोणी आलं की प्रश्न तेच असतात आणि चुकाही त्याच होतात. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे. घाईत असाल तर बाकीचं सावकाश वाचा, पण दुसरं पाऊल वाचल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका.

१. टीकोझीचं काम आधी समजून घ्या

लोकर किंवा कापूस स्वतःहून गरम नसतो. त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेतून उष्णता सावकाश बाहेर जाते, म्हणून चहा गरम राहतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. आतला थर फुगीर हवा, दाबून सपाट केलेला नको. खालची कड तबकाला टेकलेली हवी, कारण तिथून हवा खेळली की सगळी मेहनत वाया.

टीकोझी ही मूळची इंग्रजांकडची वस्तू. तिथं चिनी मातीच्या किटलीत पत्ती टाकून वरून उकळतं पाणी ओततात आणि चहा मुरेपर्यंत किटली झाकून ठेवतात. आपण गंजात दूध-साखर-आलं घालून चहा उकळतो, म्हणून आपल्याकडे तिचा उपयोग थोडा वेगळा. चहा गाळूनच किटलीत भरायचा. पत्ती आत राहिली तर गरम राहिल्यामुळे चहा आणखी कडू आणि तुरट होतो. आणि दुधाचा चहा तासन्‌तास झाकून ठेवण्याचा नाहीच. पाहुणे येऊन बसेपर्यंत, दुसरा कप घेईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास तो छान गरम राहिला की कोझीचं काम झालं. थर्मासाशी तिची तुलना करू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटतं की इथं या वस्तूची गरजच काय. त्यांनी इथली थंडी पाहिलेली नसते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी ओट्यावर ठेवलेला चहा पोहे वाढेपर्यंत कोमट झालेला असतो.

२. किटलीचं माप घ्या, दोन वेळा

दोन प्रकारच्या कोझी असतात. एक टोपीसारखी, किटलीवर अख्खी उतरते आणि चहा ओतताना काढून ठेवावी लागते. दुसरी अंगाबरोबरची, तिला तोटी आणि कान बाहेर काढायला दोन फटी असतात आणि ती न काढताच चहा ओतता येतो. नवीन शिकणाऱ्यांनी टोपीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. शिवणकाम सोपं, ऊब जास्त, आणि माप थोडं चुकलं तरी चालून जातं. मात्र ते सैल बाजूनं चुकलेलं असावं.

लागणारी मापं अशी:

घेर: किटलीच्या सर्वांत फुगीर भागाभोवती टेप फिरवायचा, पण तोटीच्या टोकावरून आणि कानाच्या बाहेरून. नुसत्या पोटाचं माप घेतलं तर कोझी तोटीवर अडकते. ही सर्वांत जास्त होणारी चूक.

वरून माप: टेप किटलीच्या समोरच्या बाजूनं तबकापासून वर न्यायचा, झाकणाच्या बोंडावरून पलीकडे उतरवून पुन्हा तबकाला टेकवायचा. वरून दांडा असेल तर दांडा उभा करून त्याच्यावरून. पट्टी उभी धरून नुसती उंची मोजू नका. कापड सरळ वर जात नाही, झाकणाच्या फुगवट्यावरून वळून जातं, त्यात इंच-दीड इंच खर्च होतो.

आता हिशेब. माझ्या घरच्या सहा कपांच्या किटलीचा घेर २२ इंच आणि वरून माप १७ इंच आहे. घेराचं निम्मं ११. आत अर्धा इंच जाडीचा भर घातला की आतला घेर जवळजवळ ३ इंचांनी कमी होतो, म्हणून प्रत्येक बाजूच्या तुकड्यात दीड इंच वाढवायचा. सहज उतरावी म्हणून आणखी अर्धा इंच. शिलाईसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा, म्हणजे एक इंच. एकूण रुंदी १४ इंच. उंचीसाठी १७ चं निम्मं साडेआठ, भराच्या जाडीचा अर्धा, वरच्या शिलाईचा अर्धा, खाली दुमडायला अर्धा. एकूण १० इंच.

भराच्या जाडीचा दीड इंच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कापडाची टोपी किटलीवर छान बसते, भर घातल्यावर तीच टोपी बसत नाही, आणि मग आपल्याला वाटतं शिवणच चुकली. शिवण बरोबर असते. जाडी मोजलेली नसते.

मापं वहीत लिहा, किटली कोणाची तेही लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

३. जुन्या वर्तमानपत्राची टोपी करून पाहा

वर्तमानपत्राचा कागद मधोमध दुमडा. १० इंच उंची आणि दुमडलेल्या बाजूपासून ७ इंच रुंदी घेऊन एका बाजूनं गोलाई काढा. गोलाई फार टोकदार केली तर वरती पोकळ शिंग राहतं, फार सपाट केली तर खांद्यावर घट्ट होते. उलट्या वाटीसारखी ठेवा. खालचे तीन इंच सरळ उभेच राहू द्या, गोलाई त्याच्यावर सुरू करा.

असे दोन कागद कापून कडेनं अर्धा इंच सोडून टाचण्या लावा आणि टोपी किटलीवर घाला. कागदात भर नसल्यामुळे ती चांगली सैल वाटली पाहिजे. कागद नुसता बरोबर बसला असेल तर कापडाची कोझी घट्ट होणार, हे पक्कं समजा. दहा मिनिटांचं काम आहे. मी आजही ते चुकवत नाही.

४. साहित्य जमवा

टोपीच्या कोझीसाठी:

- बाहेरचं कापड: केसमेंट, मॅटी, जाड खादी किंवा जुन्या साडीचे काठ जोडून केलेलं. अर्धा मीटर पुरतं.
- अस्तर: पांढरं किंवा फिकट सुती कापड, अर्धा मीटर
- भर: कापसाची किंवा पॉलिफिलची (कृत्रिम कापसाची) शीट, नाहीतर जुनं लोकरी ब्लँकेट, न वापरातला स्वेटर
- भर धरून ठेवायला मलमलीचा जुना तुकडा
- टिचबटणं चार, वरच्या फासासाठी ४ इंच नाडी
- टेप, टाचण्या, शिंप्याचा खडू, कापडाची वेगळी कात्री, अंगुस्तान
- भरतकामासाठी सुती धाग्याच्या लड्या आणि रिंग

भराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दुकानात गेलं की आधी फोम दाखवतात. फोम घेऊ नका. तो वाफ धरून ठेवतो, लवकर वाळत नाही, वास धरतो आणि काही वर्षांनी त्याचा भुगा पडू लागतो. पॉलिफिल हलकं आणि धुवायला सोपं. पिंजलेला कापूस ऊब छान धरतो, पण धुतला की गोळे होतात, म्हणून त्याला गोधडीसारखा धावदोरा हवाच. माझी आवड विचाराल तर जुना खऱ्या लोकरीचा स्वेटर. तो गरम पाण्यात मुद्दाम धुवायचा. एरवी ज्याला आपण स्वेटर आटला म्हणून हळहळतो, तेच इथं हवं असतं. आटून तो जाड, दाट होतो आणि कापला तरी उसवत नाही. ॲक्रिलिकचा स्वेटर असा आटत नाही, लेबल पाहून घ्या.

कापडासाठी गांधीबाग आणि इतवारी, सुटे धागे-बटणं-लेस यांसाठी बर्डी, म्हणजे सीताबर्डी. सणाच्या आधी बर्डीवर गाडी लावायला जागा मिळणं कठीण, त्यापेक्षा मेट्रोनं जा. सीताबर्डी स्टेशनवर दोन्ही मार्ग मिळतात आणि गांधीबागेसाठी अग्रसेन चौकाला उतरता येतं. अर्धा मीटर मागितल्यावर ठोक दुकानदार नाही म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे. आम्ही तिघी-चौघी मिळून दोन मीटर घेतो आणि वाटून घेतो. शिंप्याकडची कात्रणंही मागा. ब्लाउजपीसची खणाची कात्रणं जोडून फार देखणी कोझी होते.

कापड कापण्याआधी ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. लाल, मरून, गडद निळा असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून रंग सुटतो का पाहा. चहाची वाफ रोज लागणार आहे. कच्चा रंग पहिल्याच आठवड्यात अस्तरावर उतरतो.

५. शिवण्याचा क्रम

क्रम चुकला की उसवावं लागतं, म्हणून तो एकदा मनात बसवा.

आधी भरतकाम, मग कापणं. कापडावर खडूनं आकार काढून घ्या, पण कापू नका. कापलेला तुकडा रिंगमध्ये ताणला की गोलाई वाकडी होते. खालच्या कडेपासून दीड इंचात नक्षी नको, चहाचे थेंब आणि तबकातला ओलावा तिथंच लागतो. लडी सहा पदरांची असते, त्यातले दोन किंवा तीन पदर घ्या. सहाही पदर घेऊन भरलं की फुलं बोजड दिसतात.

मग बाहेरची टोपी. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन जुळवा. मधोमध वरती नाडीचा फास आत ठेवून टाचा, त्याची टोकं बाहेर. गोलाईवर शिलाई मारा, फासावर दोनदा. शिलाईच्या बाहेर राहिलेल्या कापडाला गोलाईवर बोटभर अंतरानं छोटे कातरे द्या, नाहीतर उलटल्यावर चुण्या पडतात. फास विसरू नका. गरम टोपी उचलायला तोच हाताशी लागतो.

आतली टोपी वेगळी करायची, हे मला तीन कोझी डागाळल्यावर सुचलं. मलमल, भर आणि अस्तर यांचे तीन थर एकावर एक ठेवून आधी कच्चा टाका घाला, मग दोन-दोन इंचांवर धावदोरा. आजीची गोधडी आठवून बारीक टाके घालण्याचा मोह होतो. पण दोरा जितका जवळ जवळ, तितका भर दबतो आणि आतली हवा जाते. दोन इंच पुरे. शिलाईच्या जागेतला भर कापून टाका, तिथं फक्त कापड राहू द्या, म्हणजे मशीनची सुई मोडणार नाही. अस्तराच्या बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही तुकडे जोडा. आतली टोपी बाहेरच्यापेक्षा पाव इंच लहान कापा. ती न उलटता बाहेरच्या टोपीत सरकवा, अस्तर किटलीकडे येतं. खालच्या कडा दुमडून हातशिलाई करा आणि चार ठिकाणी टिचबटणं लावा.

आता आतली टोपी काढून धुता येते आणि भरतकामाला रोज पाणी लागत नाही. पावसाळ्यात हे फारच उपयोगी पडतं. सगळं एकत्र शिवलेली जाड कोझी जुलैत धुतली तर चार दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास लागतो.

६. क्रोशाची कोझी: संत्रं

अंगाबरोबरच्या कोझीसाठी क्रोशा सोयीचा, कारण विणकाम ताणतं. आमच्या गटात सगळ्यांना आवडतं ते नारिंगी लोकरीचं संत्रं, वर हिरवी दोन पानं. मध्यम किटलीला साधारण १०० ग्रॅम चार पदरी लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई लागते. सगळे गुंडे एकाच वेळी घ्या आणि लेबलावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहा. नंतर आणलेला गुंडा दुकानात तोच वाटतो, घरी उजेडात वेगळा दिसतो.

आधी चार इंचांचा चौकोन मुक्या खांबांनी (क्रोशातला बुटका, दाट टाका) विणून टाके मोजा. माझे चार इंचांत १६ येतात, म्हणजे इंचाला चार. इथं घेर पोटाचा घ्यायचा, तोटी-कान सोडून. समजा १८ इंच आला, तर ७२ टाके. लोकर ताणते म्हणून मी ६६ वर थांबते, म्हणजे ती अंगाला धरून राहते.

सुरुवात चार साखळ्यांच्या कड्यानं. पहिल्या फेरीत ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. तिसरीत एक सोडून एकात दोन, झाले १८. असे दर फेरीला सहा वाढवत जायचे. अकराव्या फेरीला ६६ होतात. चकती लाटेसारखी वळायला लागली तर वाढ जास्त होते आहे, वाटीसारखी वर उचलली जायला लागली तर कमी. टेबलावर सपाट ठेवून दर फेरीला पाहा.

पुढे न वाढवता विणत जा आणि किटलीवर घालून पाहत राहा. तोटी आणि कान जिथं सुरू होतात तिथं काम दोन भागांत वाटा: ३३ टाक्यांची पुढची बाजू, ३३ ची मागची. प्रत्येक बाजू वेगळी, मागे-पुढे ओळींनी विणा. तोटी आणि कान खाली जिथं किटलीला जुळतात तिथं पुन्हा गोल जोडून शेवटच्या तीन-चार फेऱ्या पूर्ण करा. तोटीची फट आणि कानाची फट सारख्या उंचीची नसते. मी पहिल्या वेळी दोन्ही सारख्या ठेवल्या, आणि तोटीच्या बाजूनं कोझी फुगून राहिली.

झाकण उघडायचं असेल तर सुरुवातीचं कडं मोठं ठेवून बोंड बाहेर काढता येतं. मला ते आवडत नाही, वाफ तिथूनच निघून जाते.

दोन सुयांवर विणणाऱ्यांनी तर नुसते सुलट टाके घालून दोन चौकोन विणावेत, वर दोरा ओवून चुणी घ्यावी आणि बाजूंना फटी सोडून जोडावं. सगळ्या ओळी सुलट विणल्या की वीण जाड आणि खळग्यांची येते, हवा धरायला उत्तम. भरतकाम न येणाऱ्या मुलींनाही दोन संध्याकाळींत हे जमतं.

७. वापरण्याआधी पारख

किटली आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, थंड स्टील चहाची ऊब पहिल्या मिनिटातच पिऊन टाकतं. मग तिच्यात उकळतं पाणी भरा, कोझी घाला, अर्ध्या तासानं कपात ओता. कपातून वाफ दिसली पाहिजे. दिसली नाही तर आधी खालची कड तपासा, मग भर. ग्रॅनाइटचा ओटा आणि फरशीही खालून ऊब ओढतात. उरलेल्या भराची एक गोल गादी शिवून किटलीखाली ठेवा, फरक लगेच कळेल.

आणि हे मुलांनाही सांगून ठेवा: कोझी घातलेली किटली शेगडीवर कधीही ठेवायची नाही, मंद आचेवरही नाही. ॲक्रिलिक वितळतं आणि सुती कापड पेट घेतं. चहा पुन्हा गरम करायचा तर तो गंजात ओता. जरीच्या धाग्याची कोझी मायक्रोवेव्हजवळही नेऊ नका.

उन्हाळ्यात धुऊन, उलटी करून, सावलीत वाळवून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात ती तासाभरात वाळते, पण रंगही तितक्याच लवकर उडतो. लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवतात, त्या कोझीत ठेवू नका. तो वास पुढच्या हिवाळ्यात चहाला येतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.

८. अदलाबदल: मापाची चिठ्ठी

पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं ठरवलं, प्रत्येकीनं एक कोझी करायची आणि चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. आठ सुंदर कोझी जमल्या. घरी नेऊन घातल्यावर पाच जणींना बसेनात. कोणाची किटली वर दांड्याची, कोणाची बुटकी चिनी मातीची, एकीकडे किटलीच नाही, ती थर्मास वापरते. मावशीच्या घरी मला जे वाटलं होतं, ते त्या वर्षी पाच घरांत झालं.

दुसऱ्या वर्षीपासून चिठ्ठीवर नुसतं नाव नसतं. प्रत्येकानं आपल्या चिठ्ठीत हे लिहायचं:

- किटली कशाची, किती कपांची, कान बाजूला की दांडा वरून
- तोटी-कानावरून घेर, नुसत्या पोटाचा घेर, वरून माप
- तोटी आणि कान तबकापासून किती उंचीवर सुरू होतात आणि कुठं संपतात
- लोकरीनं कोणाला खाज किंवा शिंका येतात का
- नको असलेला रंग
- मशीनमध्ये धुणार की हातानं

दिवाळी आटोपली की पुढच्या आठवड्यात एका घरी चहाला जमतो. चिठ्ठ्या डब्यात टाकून उचलतो. जिची चिठ्ठी आली, तिच्या किटलीसाठी कोझी करायची. कोणाची आली ते सांगायचं नाही, पण शंका असेल तर एकीला मध्यस्थ नेमलेलं असतं, तिच्यामार्फत विचारायचं. डिसेंबरच्या मध्यावर मध्यस्थ सगळ्यांना एकदा फोन करते. दटावायला नव्हे, अडलेल्याला मदत पाठवायला. १० जानेवारीपर्यंत काम पूर्ण, आणि संक्रांत ते रथसप्तमी यांतल्या एका दुपारी वाटप. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा हाताची वस्तू वाण म्हणून देण्यात वेगळाच आनंद आहे.

आम्ही त्या दुपारला तिळगूळ म्हणतो, हळदीकुंकू म्हणत नाही. आमच्यातल्या दोघी विधवा आहेत, आणि एक निवृत्त काका आहेत, ज्यांचा मशीनवरचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईदार आहे. नावामुळे कोणी दाराशी थबकावं, हे मला पटत नाही. तुमच्या गटात काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवताना कोण मागे राहतंय ते पाहा.

आणखी काही गोष्टी, ज्यांवरून मन दुखावतं. खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. एकीनं टसरवर जरीकाम करायचं आणि दुसरीनं जुन्या चादरीची कोझी द्यायची, यात दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. नवशिक्याच्या हातची कोझी ज्यांना मिळते त्यांनी टाके मोजू नयेत. आणि दर वर्षी आजारपणामुळे किंवा लग्नकार्यामुळे एखादीचं राहून जातं, म्हणून मध्यस्थाकडे मोठ्या मापाच्या दोन कोझी तयार ठेवा. सैल कोझीत आतून आणखी एक थर घालता येतो, घट्ट कोझीचं काहीच करता येत नाही.

९. नमुना दुसऱ्याला लिहून देताना

तुमची कोझी आवडली की लोक नमुना मागतात. तोंडी सांगू नका, लिहून द्या. सर्वांत वर किटलीचं माप लिहा, त्याखाली सुईचा नंबर, लोकरीची जाडी आणि चार इंचांतले टाके. हे चार आकडे नसतील तर बाकीच्या ओळी बरोबर असूनही उपयोग नाही.

क्रोशाच्या परदेशी नमुन्यांत एक मोठा गोंधळ आहे. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि तो आपला मुका खांब. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, म्हणजे आपला खांब. नमुना कुठला आहे हे न पाहता विणलं की कोझी दीड-दोनपट उंच होते. म्हणून लिहून देताना सरळ साखळी, मुका खांब, खांब असेच शब्द वापरा.

विकत घेतलेल्या नमुन्याच्या झेरॉक्स वाटू नका, ज्यानं तो केला त्याची ती कमाई आहे. नुसतं पाहून शिकलेलं असेल तर कोणाकडून शिकलात ते कागदावर लिहा. माझ्या संत्र्याच्या कागदावर पानांची वीण शिकवणाऱ्या शेजारच्या काकूंचा उल्लेख आहे, आणि तो कागद आता तिसऱ्या हातातून पुढे गेला आहे.

१०. गावाबाहेर पाठवताना

अमरावती-पुण्याच्या मैत्रिणींना पोस्टानं पाठवायची तर आतली टोपी बाहेर काढून दोन्ही सपाट घडी करा. घडी भरतकामावर येऊ देऊ नका, मधे मऊ कागद घाला. आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग जाड कागद किंवा कापडात शिवलेलं पाकीट. पत्त्यावर पिनकोड आणि दोघांचे मोबाइल नंबर ठळक लिहा, कापडावर लिहायला पक्क्या शाईचा पेन न्या. मी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टनं पाठवते आणि पावतीचा फोटो लगेच पलीकडे पाठवते. आत मापाची चिठ्ठी आणि धुण्याची सूचना ठेवा. पोहोचल्यावर कोझी झटकून एक दिवस किटलीवर तशीच राहू द्यायला सांगा, दबलेला भर पुन्हा फुगतो.

आठवडाभर वापरून झाला की फोन करून विचारा: कुठं घट्ट आहे का, कड टेकते का, ओतताना अडते का. छान आहे म्हणून विषय संपवू देऊ नका, नेमकं विचारा. जे सांगतील ते वहीत त्या किटलीच्या मापाशेजारी लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिल्या पानावर मावशीच्या किटलीचं माप आहे: घेर २९, दांड्यावरून २६. तिची दुसरी कोझी त्याच मापानं झाली, आणि ती किटलीवर आहे.